खोकं आलं, माल गेला : जबाबदारी कुणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. जेवणानंतरचा हा विषय थोडा वेगळा आहे. काही मंडळी म्हणतील, मोबाइलवरून खरेदी आणि कुरिअर ही शहरातल्या लोकांची भानगड; कोरडवाहू शेतकऱ्याच्या बैठकीत ती कशाला? तर मग हात वर करा. गेल्या वर्षभरात बॅटरीचा पंप, नोझल, ताडपत्री, कामगंध सापळ्याच्या गोळ्या, मोटारीचा स्टार्टर, यातलं काहीही मोबाइलवरून कुणी कुणी मागवलं? अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आता ज्यांचा माल फुटका आला, भलताच आला, उशिरा आला किंवा आलाच नाही, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, फारसे हात खाली आले नाहीत.

म्हणजे विषय आपलाच आहे.

माल बिघडला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. विकणारा म्हणतो, आम्ही चांगला माल कुरिअरच्या हवाली केला, पुढचं त्यांना विचारा. कुरिअरवाला म्हणतो, खोकं आमच्याकडे असंच आलं होतं. ज्या कंपनीच्या पानावर आपण वस्तू पाहिली आणि पैसे भरले ती कंपनी म्हणते, आम्ही फक्त जागा दिली, दुकान दुसऱ्याचं. आणि फोनवरची बाई गोड आवाजात सांगते की आपली तक्रार सोडवण्यात आलेली आहे.

हा खेळ आपल्याला नवा नाही. बियाणं उगवलं नाही की कंपनी म्हणते पाऊस कमी पडला, दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, साहेब म्हणतात पेरणी खोल झाली. बोटं सगळ्यांची एकमेकांकडे, आणि तोटा मात्र एकाच सातबाऱ्यावर. फरक एवढाच की कृषी केंद्राचा मालक समोर तरी दिसतो. त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. इथं समोर कुणीच नाही. म्हणून जबाबदारी कुणाची हे आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

पैसे कुणाला दिले?

आमचं साधं म्हणणं आहे. आपण सौदा कुणाशी केला, पैसे कुणाला दिले, तो जबाबदार. कुरिअर कंपनीशी आपण सौदा केलेला नाही. ती निवडली विकणाऱ्यानं, तिचं भाडं ठरवलं त्यानं, तिची पावती फाडली त्यानं. ती त्याची माणसं. त्याच्या माणसानं वाटेत खोकं आपटलं तर ते त्यानं आपटलं.

यावर विकणाऱ्याचा वकील एक जुनं कलम काढतो, ते ठाऊक असावं. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ३९ म्हणतं की विकणाऱ्यानं माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृद्दर्शनी घेणाऱ्यालाच दिला असं धरावं. हे कलम कोणत्या काळातलं? व्यापारी मुंबईहून माल मागवायचा, अमुक लॉरीनं पाठवा म्हणायचा, बिल्टी टपालानं यायची आणि माल सोडवायला हा गोदामावर जायचा, त्या काळातलं. 'सकृद्दर्शनी' या शब्दातच त्याची मर्यादा आहे. करार वेगळा असेल तर करार चालतो. आपला करार काय असतो? 'घरपोच'. पत्ता घेतला, पिनकोड तपासला, पोचवण्याचे पैसे लावले किंवा 'पोच मोफत' अशी जाहिरात केली, म्हणजे माल आपल्या दारात देण्याचं त्यानं कबूल केलं. दारात पोचेपर्यंत सौदा अर्धाच.

आणि आता नुसत्या तर्कावर विसंबायची गरजही राहिलेली नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात त्याखाली ई-कॉमर्सचे नियम आले. त्यातला सहावा नियम विकणाऱ्यांसाठी आहे. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत सूट एकच : पूर, वादळ अशी आवाक्याबाहेरची आपत्ती. 'कुरिअरनं उशीर केला' ही त्यात बसणारी आपत्ती नव्हे.

पावतीमागची बारीक अक्षरं

मग कुरिअरवाला मोकळाच का? नाही. २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आहे, तो २०११ पासून लागू आहे. घरोघरी माल पोचवणारी कुरिअर एजन्सी त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत येते. माल हरवला किंवा फुटला तर तिचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. पण त्याच कायद्यात एक मेख आहे. पाठवणाऱ्यानं मालाची जादा किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. समजा पंप ३,२०० रुपयांचा आणि भाडं ६० रुपये. दहापट म्हणजे ६०० रुपये. उरलेले २,६०० बुडाले.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे भारती निटिंग कंपनीचं प्रकरण आलं होतं. जर्मनीला कुरिअरनं पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत, सौद्यात मोठं नुकसान झालं, आणि पावतीवर छापलं होतं की जबाबदारी १०० डॉलरपर्यंत. न्यायालयानं सांगितलं, पावतीवर सही केली आहे, अट बांधील आहे. मिळाले ते १०० डॉलरच.

आता या निकालातली एक गोष्ट नीट पकडा. सही कुणाची होती? माल पाठवणाऱ्याची. आपल्या पंपाच्या पावतीवर आपली सही नाही, विकणाऱ्याची आहे. दहापटीची मर्यादा विकणारा आणि कुरिअर यांच्यातली. 'कुरिअरनं आम्हाला ६०० च दिले, म्हणून तुम्हाला ६०० च' असं विकणारा सांगू लागला तर त्याला म्हणा, तुमच्या आणि तुमच्या गाडीवाल्याच्या हिशेबात आम्हाला ओढू नका. आमचे ३,२०० ठेवा.

एक सांगून ठेवतो. टपाल खात्याचं गणित वेगळं आहे. सरकार या वाहतूक कायद्यात येत नाही, आणि २०२३ च्या टपाल कायद्यानं (तो जून २०२४ पासून लागू आहे) खात्यानं स्वतःवर नियमात लिहिलेली तेवढीच जबाबदारी ठेवली आहे. १८९८ च्या इंग्रजी कायद्यातही खातं असंच सुरक्षित होतं. साहेब गेला, त्याचं कलम राहिलं. पण विकणाऱ्यानं माल टपालानं पाठवला तरी आपल्याशी झालेला त्याचा सौदा बदलत नाही.

अडत्या म्हणतो, मी फक्त अडत घेतो

मोठ्या कंपन्यांचं म्हणणं असतं की आम्ही बाजाराची जागा आहोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला संरक्षण आहे, त्याचा त्या आधार घेतात. जो खरोखर नुसती जागा देतो त्याला तो आधार मिळतो. पण ज्याच्या गोदामात माल, ज्याच्या गाडीतून माल, ज्याच्या खात्यात पैसे, ज्याच्या चिकटपट्टीनं खोकं बंद, तो कसली नुसती जागा देतो? बाजार समितीत अडत्याला म्हणता येतं का, की मी फक्त अडत घेतो, पैशाचं व्यापाऱ्याला विचारा? ग्राहक आयोगांनीही अनेक प्रकरणांत हा बचाव ऐकून घेतलेला नाही.

शिवाय २०२० च्या नियमांनी या कंपन्यांच्या गळ्यात काही गोष्टी घातल्याच आहेत. तक्रार अधिकारी नेमला पाहिजे. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत ती निकाली काढली पाहिजे. विकणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी मागितला तर दिला पाहिजे. फवारणीच्या औषधांचं तर आणखी कडक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशकांच्या नियमांत बदल झाला, ऑनलाइन विक्रीला परवानगी मिळाली, आणि विकणाऱ्याचा परवाना खरा आहे का हे तपासण्याची जबाबदारी ज्या कंपनीच्या पानावर विक्री होते तिच्यावर टाकली गेली. तेव्हा औषध बनावट निघालं तर 'आम्हाला काय माहीत' हे उत्तर तिला देता येणार नाही.

फसतो आपण जास्त करून दुसरीकडेच. मोबाइलवर चित्र येतं : ९९९ रुपयांत डबल मोटारचा पंप, पैसे माल मिळाल्यावर. खोकं येतं, पोराच्या हातात पैसे दिले जातात, आत चिंध्या निघतात. पत्ता नाही, बिल नाही, फोन बंद. अशा वेळी खोक्यावरची चिठ्ठी फेकू नका. पाठवणाऱ्याचं नाव, माल परत करायचा पत्ता आणि कुरिअरचा नंबर तीवरच असतो. पोरानं घेतलेली रक्कम कुरिअर कंपनी पाठवणाऱ्याला त्याच क्षणी देत नाही, काही दिवसांनी देते. ते दिवस आपले. त्याच दिवशी कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन. आठवड्यानं जागे झालात तर पैसे गेले.

बिलाशिवाय पार्सलनं येणाऱ्या बियाण्याचं एका वाक्यात. कोणतं तंत्रज्ञान वापरायचं हा वाद वेगळा आणि तो आपण वेगळ्या व्यासपीठावर करतो. पण बिल नसलेलं पाकीट उगवलं नाही तर दार ठोठवायला जागा नाही, हे समजून घ्या.

किंमत परत मिळेल, हंगामाचं काय?

आता आपल्या दुखण्याकडे येऊ. शहरातल्या माणसाचा शर्ट आठ दिवस उशिरा आला तर त्याचं काय बिघडतं? आपलं बिघडतं. ट्रायकोकार्ड घ्या. कार्डावर मित्रकीटकाची अंडी असतात, आठवडा-दहा दिवसांत त्यातून किडे बाहेर पडतात. ते कापसात, बोंडअळीच्या अंड्यांवर बाहेर पडायला हवेत. पार्सल तालुक्याच्या गोदामात पाच दिवस पडलं तर ते खोक्यातच बाहेर पडून मरतात. हातात येतं ते निव्वळ पुठ्ठ्याचं कार्ड. दिसायला खोकं मात्र शाबूत! कुरिअरच्या नोंदीत 'माल सुस्थितीत पोचला'.

तेच गुलाबी बोंडअळीच्या गंधगोळ्यांचं. लावणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास हेक्टरी ५ सापळे लागले पाहिजेत, सलग ३ दिवस रोज ८ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. गोळ्या थंड जागी ठेवायच्या असतात. त्या पत्र्याच्या शेडमध्ये तापल्या आणि तीन आठवडे उशिरा आल्या तर अळी बोंडात शिरलेली असते. २०० रुपयांची गोळी आणि बोंडातली कवडी यांचा हिशेब कोण करणार? पंपाचंही तसंच. वाफसा दोन दिवस, आणि नवा पंप फुटका.

कायदा यावर काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३. करार मोडल्यामुळे सहज, नेहमीच्या ओघात होणारं नुकसान भरून द्यावं लागतं. आणि खास नुकसान? करार करताना ते होईल हे दोघांनाही माहीत असेल तरच. हा नियम विलायतेतून आला. तिथं ग्लॉस्टर गावच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नव्याचा नमुना म्हणून तो वाहतूकदाराबरोबर पाठवला, त्यानं दिवस लावले, गिरणी बंद राहिली. १८५४ साली कोर्टानं सांगितलं, गिरणी याच दांड्यासाठी अडून आहे हे वाहतूकदाराला कळवलेलं नव्हतं, म्हणून बुडालेला नफा त्याच्याकडून मागता येणार नाही. आपल्या कलम ७३ खाली दिलेल्या उदाहरणांत त्याच जातीचं एक आहे, फक्त उलट्या बाजूनं : यंत्राअभावी गिरणी बंद आहे असं वाहतूकदाराला आधी सांगितलं होतं, तरी त्यानं उशीर केला, मग गिरणीचा त्या दिवसांचा सरासरी नफा त्यानं द्यायचा.

सगळा फरक त्या 'आधी सांगितलं होतं'मध्ये आहे. म्हणून वेळेला बांधलेली वस्तू मागवताना, पैसे भरण्यापूर्वी, विकणाऱ्याला दोन ओळी लिहून पाठवा : 'माझा कापूस इतक्या एकरांत आहे, सापळे अमुक तारखेला लावायचे आहेत, त्यानंतर माल उपयोगाचा नाही, पीक बिघडेल. त्या तारखेपर्यंत पोचवणार असाल तरच पाठवा.' तो 'हो' म्हणाला की ते उत्तर जपून ठेवा. हे लिहिलं म्हणजे सगळं नुकसान हातात पडेल असं आम्ही सांगत नाही. कापूस पावसानंही जातो, आणि कशानं किती गेला हे दाखवावं लागतं. पण न लिहिलेल्या माणसाला गोळीची किंमत मिळेल. लिहिलेल्याला निदान पिकाचं नाव काढता येईल.

ओटीपी म्हणजे अंगठा

सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका हे आपल्या बापजाद्यांना शिकायला दोन पिढ्या लागल्या. मोबाइलवर येणारा ओटीपी हा तोच अंगठा आहे. 'दादा, गाडी फाट्यावरच आहे, नंबर सांगा, उद्या आणून देतो' असं कुणी म्हटलं तर नाही म्हणायचं. नंबर सांगितला की कागदोपत्री माल मिळाला. खोकं हातात आल्याशिवाय नंबर नाही. खोकं दबलेलं असेल तर घेण्याआधी त्याचा फोटो, आणि उघडताना बंद खोक्यापासून माल बाहेर येईपर्यंत सलग चित्रण. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, तो आनंदानं करेल.

घरी बसलेलं असताना 'ग्राहक घरी नव्हता' असा संदेश येतो, तोही सोडून देऊ नका. त्याच दिवशी कंपनीला लिहा, मी घरी होतो, मला फोन आला नाही. मोबाइलमधली कॉलची यादी हाच पुरावा. तालुक्याला येऊन माल न्या म्हणाले तर जावंसं वाटलं तर जा, पण ती आपली मेहेरबानी. घरपोचचे पैसे घेतले असतील तर ते परत मागा.

आणि त्या पोरावर हात टाकू नका. मोटरसायकलवर पोती बांधून पाच-पन्नास गावं हिंडणारा हा आपल्यातल्याच कुणाचा तरी मुलगा आहे, खोक्यामागे ठरलेले रुपये मिळतात. वजनकाट्यात खोट असली म्हणून आपण हमालाशी भांडत नाही.

आपण ग्राहक की व्यापारी?

आयोगापुढे गेलात की समोरचा पहिला आक्षेप घेईल : पंप, बियाणं, औषध हे धंद्यासाठी घेतलं, म्हणून शेतकरी ग्राहकच नाही. याला उत्तर तयार आहे. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे असं ठरवलं. त्यातलं आणखी एक वाक्य आपल्या कामाचं : प्रत्येक शेतकऱ्यानं तपासणीसाठी बियाणं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येणार नाही. पोटासाठी, स्वतःच्या कष्टानं धंदा करणारा ग्राहकच, हे कायद्यातही आहे.

बाकीचं थोडक्यात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, तिथं मराठीतून बोलता येतं. नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी विकणाऱ्याच्या गावी धावावं लागायचं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. कुरिअर कंपनीलाही प्रतिवादी करायचं असेल तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत तिला लेखी नोटीस हवी, ही तारीख चुकवू नका. निकाल कागदावर तीन महिन्यांत लागतो, मालाची तपासणी करायची असेल तर पाचांत. कागदावर. तारखा पडतात हे आम्ही लपवत नाही. म्हणून ३०० रुपयांच्या मालासाठी एकट्यानं जाऊ नका. एकाच विकणाऱ्याकडून फसलेले दहाजण एकत्र आले तर त्याला आपल्या जिल्ह्यात यावं लागेल, आणि ते त्याला परवडत नाही.

आणि उद्या आपणच विकणारे

इथल्या कितीतरी बचत गटांच्या बहिणी ज्वारीचं पीठ, पापड, हुरडा पुण्या-मुंबईला पाठवतात. त्यांनी आतापर्यंतचं भाषण उलट्या बाजूनं ऐकलं असेल. बरोबर आहे. आपण माल विकला की आपण विकणारे, आणि कुरिअरनं पोतं भिजवलं तर गिऱ्हाईक आपल्यालाच विचारणार. त्याला 'कुरिअरला विचारा' म्हणायचा अधिकार आपल्यालाही नाही.

तिथं ती दहापटीची मेख आपल्यालाच बोचते, कारण पावतीवर सही आपली. महाग माल असेल तर पावतीवर खरी किंमत लिहायची आणि जादा दर किंवा विमा भरायचा, तो खर्च मालाच्या भावात आधीच धरायचा. वजन करतानाचा आणि खोकं बंद करतानाचा फोटो ठेवायचा. 'दोन दिवसांत पोच' असं जाहिरातीत लिहायचं नाही. हुरडा दोन दिवसांत कडक होतो, तो कुरिअरनं पाठवण्यापेक्षा संध्याकाळच्या गाडीनं ओळखीच्या माणसाच्या हाती देणं बरं, असं आमचं मत आहे. पिठाला मात्र कुरिअर चालतं, आत प्लॅस्टिकची पिशवी घाला.

आता कामाचं. ज्यांच्याजवळ अशी प्रकरणं आहेत त्यांनी चहाच्या सुट्टीत मांडवाच्या डाव्या बाजूच्या टेबलाशी यावं. बिल किंवा पैसे भरल्याचा संदेश, खोक्यावरची चिठ्ठी आणि माल केव्हा आला ती तारीख, एवढं बरोबर असू द्या. बिल मोबाइलमध्येच असेल तर मोबाइल आणा, तिथला मुलगा ते कागदावर काढून देईल. तालुकावार याद्या करू. एका विकणाऱ्याची पाच प्रकरणं जमली की आधी त्याला नोटीस, आणि महिना वाट बघून आयोगात तक्रार.